आठच्या खाली

कुलूपमामांना दवाखान्यात यायला काही दुखावं लागायचंच असं नाही. सकाळी शटर वर गेलं की पंख्याखालची खुर्ची त्यांची, मग नंबर असो वा नसो. जन्मभर कुलपं दुरुस्त केली, किल्ल्या घासल्या, किल्ली हरवून दाराबाहेर रडकुंडीला आलेल्यांना दारं उघडून दिली, म्हणून ते कुलूपमामा. मामी गेल्यापासून घरात बोलायला भिंतीच उरल्या होत्या, लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी. मग मामा इथे बसत. काउंटरवरच्या काकूंची चेष्टा करत, खोकणाऱ्याला "अहो, जरा बेताने, छत यायचं खाली" म्हणत, रडणाऱ्या पोराच्या हातात किल्ल्यांचा जुडगा देत. बाहेर हशा पिकला की आत बसलेल्या डॉक्टरणीला कळायचं, आले मामा.

दवाखाना मूळचा तिच्या वडिलांचा. वडील गेले, पाटीवरचं नाव बदललं, पण मामा तिला अगं-तुगंच करत राहिले. "फ्रॉकमध्ये होतीस तेव्हा औषधांच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं होतंस. बाप बाहेर घामाघूम, आई रडतेय, आणि तू आत गाणी म्हणत बसलेली! मीच काढलं बाहेर," हे ते प्रत्येक नव्या पेशंटला आवर्जून ऐकवत. ती वरवर डोळे वटारायची, पण मनातून तिला बरं वाटायचं. तिला फ्रॉकमध्ये पाहिलेलं माणूस आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

पण मामांची साखर! तिथे मात्र पालथ्या घड्यावर पाणी. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन चालू, गोळ्या चालू, आणि तोंडही चालू.

"मामा, काल काय खाल्लंत?"

"काही नाही गं. नुसता चहा."

"आणि चहासोबत?"

"सोबत कुणीतरी हवंच ना माणसाला."

रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक तपासणी असते. मामांचा तो आकडा दर खेपेला दहाच्या वर. तिच्या वडिलांच्या काळात अशा माणसाला डॉक्टर रागवत, औषध बदलून देत आणि पुढच्या महिन्यात पुन्हा रागवत. झालं. त्यात कुणाचं काही अडत नव्हतं.

आता अडायला लागलं होतं. आरोग्य योजनेने दवाखान्यांना पैसे द्यायची रीतच बदलली. पूर्वी पेशंट तपासला की त्याचे पैसे मिळत. आता थोडे तसे, आणि मोठा वाटा वर्षअखेरीला, दवाखान्याची कामगिरी बघून. मधुमेहाच्या किती पेशंटांचा आकडा आठच्या खाली आला, ते मोजायचं. ठरलेली रेषा गाठली तर वाटा पुरा, हुकली तर बसा हात चोळत. कल्पना काही वाईट नव्हती, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. नुसत्या सुया टोचून खिसे भरणाऱ्यांना चाप बसावा, पेशंट खरोखर सुधारावा, म्हणून कुणी शहाण्या माणसांनीच ती काढली असणार. डॉक्टरणीनेही पहिल्या वर्षी हौसेने सगळं केलं. गळालेले पेशंट फोन करकरून परत बोलावले, लोकांचे पाय तपासले, त्यांना चालायला लावलं. तरी रेषा हुकली. दुसऱ्या वर्षीही हुकली. दोन नर्सपैकी धाकटीला तिने सांगून ठेवलं होतं, या वर्षअखेरीला बघू, तोवर कळ काढ. ती बिचारी रोज हिच्या तोंडाकडे बघत काम करायची.

योजनेकडून एक सल्लागार येई. बोलणं असं गोड की त्याचीच साखर तपासावी. त्याने लॅपटॉपवर पेशंट दाखवले, आठच्या खालचे हिरवे, वरचे लाल. "मॅडम, फार थोडक्यात अडलंय. एक लाल हिरवा झाला तरी गंगेत घोडं न्हालं. नाहीतर जे मुळीच ऐकत नाहीत त्यांना मोठ्या हॉस्पिटलच्या मधुमेह विभागात पाठवून द्या. त्यांचीही सोय, तुमचीही."

लालमध्ये सगळ्यात वर कुलूपमामा होते.

"ते फार जुने पेशंट आहेत," ती म्हणाली.

"जुनेच तर असतात, मॅडम," तो म्हणाला आणि लॅपटॉप मिटला.

त्याच दिवशी मामांचं रक्त तपासायची पाळी होती. आकडा नेहमीसारखाच. मामा नेहमीसारखेच हसत होते. आणि डॉक्टरणीचं डोकं फिरलं. राग सल्लागाराचा होता, निघाला मामांवर. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय!

"मामा, आता बास झालं. तुमच्यापायी माझे मार्क कापले जातात."

"मार्क? या वयात तुझी परीक्षा कोण घेतंय?"

मग तिने फडाफड सगळं सांगून टाकलं. योजना, आठचा आकडा, हिरवे, लाल, धाकट्या नर्सची नोकरी, एका माणसावाचून अडलंय तेही. पेशंटला हे सांगायचं नसतं. डॉक्टरने पेशंटच्या जिवाची काळजी करायची असते, पेशंटने डॉक्टरच्या मार्कांची नाही. एवढी साधी गोष्ट तिला कळत नव्हती असं थोडंच आहे? पण तोंडाला लगाम राहिला नाही. वर तिने असंही म्हटलं, "वर्षअखेरच्या तपासणीत आठच्या खाली आला नाहीत, तर तुमचं नाव इथून काढून मोठ्या हॉस्पिटलला देणार. मग बसा तिथे टोकन घेऊन."

यावर मामा काहीतरी फिरकी घेतील असं तिला वाटलं होतं.

"तिथे दर खेपेला नवा डॉक्टर असतो म्हणे," ते म्हणाले.

"असतो."

"म्हणजे दर वेळी पहिल्यापासून सांगायचं. मी कोण, मामी कशाने गेली, सगळं." त्यांनी बाही खाली ओढली. "नको बाई. बघतो मी. तुझं नाव नाही खराब होऊ द्यायचो."

ते गेल्यावर तिला वाटलं, चला, मात्रा लागू पडली. थोडा धाक हवाच असतो म्हाताऱ्यांना.

आणि मात्रा लागू पडलीच की! मामांनी बिस्किटं सोडली. काकूंनी पुढे केलेला चहा त्यांनी हाताने मागे सारला, तेव्हा काकू थट्टेने म्हणाल्या, "तब्येत बरी आहे ना?" शर्ट ढगळ दिसायला लागला. चेहरा उतरला. सकाळी पंख्याखालच्या खुर्चीत ते कधीकधी पेंगत. पण सगळ्यांनी कौतुकच केलं. म्हातारा सुधारला, असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. डॉक्टरीणही बाकीच्या पेशंटना त्यांचा दाखला द्यायला लागली. "बघा, मामांकडे बघा जरा!" मामा खुर्चीत बसल्या बसल्या हात जोडत.

वर्षअखेरच्या तपासणीला अजून काही आठवडे होते, तेव्हाची गोष्ट. मामा आत आले आणि समोर बसले. पंखा भरधाव फिरत होता, तरी त्यांचा शर्ट पाठीला चिकटलेला. बाहीचं बटण काढायला गेले तर बोटांना ते सापडेना. कुलपाच्या पोटातली केसाएवढी स्प्रिंग न बघता बसवणारी बोटं ती! हात थरथरत होता. तिने काहीतरी विनोद केला, त्यावर ते हसले, पण जरा उशिराने हसले.

घाम, थरथर, गुंगी. साखर फार खाली जातेय. हे ओळखायला डॉक्टर कशाला हवा, औषधाच्या खोक्यावरसुद्धा छापलेलं असतं. तिने ओळखलं. तिचा हात खणाकडे गेलाही. खणात यंत्र होतं, बोटाला टोचलं की तिथल्या तिथे साखर सांगणारं. पण बोटाला टोचलं की आकडा दिसणार. आकडा दिसला की इन्सुलिन आजच कमी करावं लागणार. आणि आज कमी केलं की काही आठवड्यांत मामांचा आकडा पुन्हा मूळ पदावर.

एकदा वर्षअखेरचं रक्त जाऊ दे, मग करू कमी, असं तिच्या मनात आलं. इतकं स्वच्छ आलं की नंतर तिला ते विसरायची सोयच राहिली नाही.

"छान चाललंय, मामा," ती म्हणाली. "असंच चालू ठेवा."

"ठेवतो," मामा म्हणाले. उठताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला. तिने तेही पाहिलं.

तपासणी झाली. मामांचा आकडा आठच्या खालीच काय, सातच्याही खाली आला. दवाखान्याने रेषा ओलांडली. सल्लागाराने फोनवर अभिनंदन केलं. धाकट्या नर्सने डॉक्टरणीच्या गळ्यात पडून रडून घेतलं, काकूंनी सगळ्यांसाठी चहा मागवला. डॉक्टरणीने काकूंना सांगितलं, "मामांना पुढच्या आठवड्यात बोलवा, डोस बदलायचाय." पुढच्या आठवड्यात! दुसऱ्या दिवशी का नाही? कारण दुसऱ्या दिवशी गर्दी होती. कारणांना काय तोटा असतो?

तो आठवडा उजाडायच्या आतच एका सकाळी पंख्याखालची खुर्ची रिकामी राहिली. मामांच्या शेजारणीचा फोन आला. दार वाजवून वाजवून हात दुखले, आतून काही आवाज नाही.

डॉक्टरीण बॅग घेऊन धावली. दारापुढे माणसं जमलेली. दाराला मामांनी स्वतःच्या हाताने केलेलं कुलूप. पुढच्या गल्लीतला किल्लीवाला गुडघ्यावर बसून खटपट करत होता. शेवटी तो उठला आणि म्हणाला, "यांचं कुलूप आहे. माझ्याच्याने नाही उघडायचं." मग अग्निशमन दलाच्या माणसांनी खिडकीची काच फोडली आणि आतून दार उघडलं.

मामा स्वयंपाकघरात पडले होते, टेबल आणि ओटा यांच्या मधल्या जागेत, उजवा हात अंगाखाली. गुडघे टेकून तिने त्यांच्या बोटाला टोचलं. आता टोचलं. यंत्रावर आकडा आला नाही, नुसती 'फार कमी' एवढीच सूचना आली. तिने शीर शोधून ग्लुकोज दिलं. शर्ट सैल करताना त्यांच्या खिशात काहीतरी हाताला लागलं. साखरेच्या वड्या होत्या, कागदात नीट गुंडाळलेल्या. हात कापायला लागला की लगेच एक तोंडात टाकायची, हे तिच्या वडिलांनीच त्यांना फार पूर्वी शिकवलं होतं. एकही वडी काढलेली नव्हती. आकडा वाढेल म्हणून खाल्ली नव्हती, दुसरं कारणच नव्हतं. तिथे फरशीवर, एवढ्या लोकांच्या देखत, धरणी पोटात घेईल तर बरं असं तिला झालं.

मामांनी डोळे उघडले. बराच वेळ छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "मामीला म्हणावं, डॉक्टरीण आलीय, चहा टाक."

शेजारीण तोंडात पदर कोंबून बाहेर गेली.

अँब्युलन्सने त्यांना मोठ्या हॉस्पिटलातच नेलं. उजवं मनगट मोडलं होतं. तिथल्या डॉक्टरने सांगितलं, साखर किती वेळ तशी खाली राहिली कुणास ठाऊक, पण बराच वेळ. जीव वाचला. डोकं बऱ्यापैकी ताळ्यावर येईल, सगळं येईलच असं नाही. डॉक्टरीण मान खाली घालून ऐकत होती. तिथला तो तरुण डॉक्टर तिला आदराने 'मॅडम' म्हणत होता, तेसुद्धा तिला सहन होईना.

पुढचे दिवस तिने दवाखाना कसा चालवला, तिचं तिला माहीत. पेशंटने घाम पुसला की तिचा जीव धसकायचा. धाकटी नर्स गुणगुणत काम करायची आणि तिच्या तोंडाकडे बघायची हिंमत आता डॉक्टरणीला होत नव्हती. त्या पोरीची नोकरी कशावर टिकली होती, ते हिला माहीत होतं आणि तिला नव्हतं.

मामांची लेक आली. डॉक्टरीण भेटायला गेली तेव्हा ती बापाला चमच्याने सूप भरवत होती. हिला पाहताच उठली, हिचे दोन्ही हात धरले.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही वेळेवर पोचला नसतात तर बाबा गेलेच होते. आणि यांचा शहाणपणा बघा! स्वतःच्या मनाने इन्सुलिन वाढवत नेलं, रात्रीचं जेवण बंद केलं. डॉक्टरला विचारायचं म्हणून नाही."

"माझाच शहाणपणा," मामा उशीवरून म्हणाले. बोलणं संथ झालं होतं, शब्द शोधून शोधून येत होते. "हिचा काय... हिचा काय संबंध? हिने मला कधी काही सांगितलंच नाही." आणि लेकीची पाठ वळल्याबरोबर त्यांनी डॉक्टरणीकडे बघून एक डोळा मिचकावला.

काय करावं माणसाने अशा वेळी? गप्प बसावं. लेक आभार मानत होती, मामा स्वतःच्या तोंडाने सगळं अंगावर घेत होते, जगात तिसऱ्या कुणाला काही माहीत नव्हतं. ती बसलीही गप्प. लेकीने दिलेल्या खुर्चीत बसली, लेकीने दिलेलं पाणी प्यायली. लेक वाटी घेऊन पुन्हा भरवायला लागली आणि म्हणाली, "तुमच्यासारखी डॉक्टर यांना मिळाली, हे आमचं नशीब हो." मग मात्र तिला ते गिळता येईना.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"आकडा आठच्या खाली आणा, नाहीतर तुमचं नाव काढीन, असं मी त्यांना सांगितलं होतं. दवाखान्याला त्याचे पैसे मिळतात. आणि त्यांचा हात कापत होता, घाम येत होता, ते मी पाहिलं होतं. मला कळलं होतं. मी मुद्दाम तपासलं नाही. तपासलं असतं तर डोस कमी करावा लागला असता आणि आकडा वर गेला असता."

तिने अडखळत, पण एका दमात सगळं सांगितलं. सांगून झालं आणि तिला एकदम हलकं वाटलं. छातीवरचा दगड उतरला असं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी त्या हलकं वाटण्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

लेकीने वाटी खाली ठेवली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "मिळाले?"

"काय?"

"पैसे."

"मिळणार आहेत," डॉक्टरीण म्हणाली.

लेकीने बापाच्या प्लास्टरमधल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "इथून सुटले की मी यांना घरी नेणार आहे. आमच्या इथे डॉक्टर आहेत. तुम्ही यांचे कागद तेवढे पाठवून द्या." आणि वाटी धुवायला ती बाहेर गेली.

खोलीत दोघंच राहिली. डॉक्टरीण खुर्ची पुढे ओढून मामांपाशी बसली. तिला माफी मागायची होती, पण शब्द जमेनात. मामांचे डोळे भरून आले होते. मामी गेली तेव्हासुद्धा तिने त्यांना असं पाहिलं नव्हतं.

"कशाला बोललीस?" ते म्हणाले. "मी सगळं... जमवत आणलं होतं की. तिला काही कळलं नव्हतं. घरी गेलो असतो, सकाळी आलो असतो तुझ्याकडे."

"मामा, खरं सांगायला नको होतं का?"

"तुला सांगायचं होतं, तू सांगितलंस." ते थांबले. शब्द सापडेपर्यंत तिला वाट बघावी लागली. "मला काढू नयेस, एवढ्यासाठी केलं ना मी हे सगळं. आता ही मला येऊ देईल का तुझ्याकडे?"

तिने त्यांच्या चांगल्या हातावर हात ठेवला. मामांनी हात काढून घेतला नाही, पण तोंड भिंतीकडे वळवलं.